सीताबर्डीच्या सावलीतील न्यायसंस्था : अधीक्षण, स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व (१८१८–२०२५)

प्रस्तावना

न्यायाधीश इतरांचा न्याय करतो. परंतु न्यायाधीशाच्या कामाची तपासणी कोणी करावी, हा प्रश्न न्यायसंस्थेइतकाच जुना आहे. या प्रश्नाला दोन बाजू आहेत. न्यायाधीशावर कोणाचीच देखरेख नसेल तर पक्षकार असहाय होतो. उलटपक्षी ही देखरेख शासनाच्या हाती गेली तर न्यायाधीशच असहाय होतो आणि अंतिमतः त्याचाही भार पक्षकारावरच पडतो. स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांचा मेळ कसा घालावा, याची उत्तरे वेगवेगळ्या काळात वेगवेगळी दिली गेली.

या उत्तरांचा क्रमवार अभ्यास करण्यासाठी नागपूर हे विशेष उपयुक्त ठिकाण आहे. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेकडील सिव्हिल लाइन्स या लहानशा परिसरात गेल्या दोनशे वर्षांत रेसिडेंटचे अधिकारक्षेत्र, न्याय आयुक्तांचे न्यायालय, नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ अशा चार व्यवस्था एकामागून एक अस्तित्वात आल्या. प्रस्तुत निबंधात या चारही व्यवस्थांमध्ये न्यायाधीशांवरील देखरेखीचे स्वरूप कसे बदलत गेले याचा आढावा घेण्यात आला आहे. खालच्या पायरीवरील न्यायाधीशावरचे नियंत्रण हळूहळू शासनाकडून न्यायसंस्थेकडे आले आणि त्याला नियमबद्ध रूप मिळाले. वरच्या पायरीवरील न्यायाधीशाबाबत मात्र संरक्षण भक्कम झाले आणि उत्तरदायित्वाची प्रक्रिया अपुरी व अप्रकट राहिली, असे या इतिहासावरून दिसून येते.

रेसिडेन्सीचा काळ

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. कंपनीची रेसिडेन्सी या टेकडीच्या पायथ्याशी होती. युद्धानंतर अप्पासाहेब पदच्युत झाले आणि १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर आले. त्यांच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी राज्यकारभार हाती घेतला.

तोपर्यंत भोसल्यांच्या राज्यात न्यायदान हे कारभाराचेच एक अंग होते. गावात पाटील, परगण्यात कमाविसदार आणि दिवाणी तंट्यांत पंचायत अशी त्याची रचना होती. अंतिम दाद राजाकडे मागता येत असे. महसूल वसूल करणारा अधिकारीच तंट्याचा निवाडा करी, त्यामुळे त्याने अन्याय केला तर त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्याच वरिष्ठाकडे जाई. जेंकिन्स यांनी जिल्ह्यांवर युरोपीय अधीक्षक नेमले व कामकाजाला काही शिस्त आणली. राज्याची पाहणी करून त्यांनी तयार केलेला १८२७ चा अहवाल आजही या काळाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो. तथापि महसूल व न्याय यांचे एकत्रीकरण त्यांनीही कायम ठेवले. देखरेख कडक झाली, पण ती कारभाऱ्याने कारभाऱ्यावर ठेवलेली देखरेख होती. न्यायाधीश असा स्वतंत्र वर्ग त्यावेळी अस्तित्वातच नव्हता. म्हणून या काळात न्यायिक उत्तरदायित्वाचा प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित होण्यास वावच नव्हता.

न्याय आयुक्तांचे न्यायालय

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी मृत्यू पावले. त्यांना औरस पुत्र नसल्याचे कारण देऊन लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यप्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे बनले. प्रांताच्या न्यायव्यवस्थेच्या शिखरावर न्याय आयुक्त, म्हणजेच ज्युडिशियल कमिशनर, हा अधिकारी होता. १८६५ च्या मध्यप्रांत न्यायालय अधिनियमाने न्यायालयांची उतरंड निश्चित केली. पुढे १८८५ व १९१७ च्या अधिनियमांनी तीत सुधारणा झाल्या. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यात आल्यानंतर नागपूरच्या न्यायालयाचे महत्त्व आणखी वाढले.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालये १८६२ मध्ये राजसनदेने स्थापन झाली होती. नागपूरला तसा दर्जा नव्हता. न्याय आयुक्त हा प्रांतिक अधिनियमाने निर्माण झालेला अधिकारी होता आणि प्रांताचा कारभार चालवणाऱ्या शासनयंत्रणेचाच तो एक भाग होता. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर तर प्रारंभीची अनेक वर्षे कमिशनर, डेप्युटी कमिशनर व तहसीलदार हेच महसूल, फौजदारी व दिवाणी अशी तिन्ही कामे पाहत असत. ही रचना हळूहळू बदलली व दिवाणी न्यायाधीशांचा स्वतंत्र वर्ग तयार होत गेला.

या व्यवस्थेची एक जमेची बाजू मान्य केली पाहिजे. न्याय आयुक्ताला खालच्या न्यायालयांची दप्तरे मागवता येत, त्यांच्या कामाची विवरणे तपासता येत आणि विलंबाबद्दल जाब विचारता येई. निकाली निघालेल्या व शिल्लक राहिलेल्या प्रकरणांचे वार्षिक अहवाल तयार होत. न्यायालयाचे व्यवस्थापन ही मोजता येणारी बाब आहे, ही जाणीव याच काळात रुजली. दोष असा होता की खुद्द न्याय आयुक्ताला शासनापासून संरक्षण नव्हते. प्रांतिक शासन पक्षकार असलेल्या दाव्यात त्याच शासनाच्या यंत्रणेतील अधिकारी अंतिम निर्णय देत असे.

नागपूरच्या वकीलवर्गाला ही उणीव जाणवत होती. पुढे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले सर बिपिन कृष्ण बोस, तसेच फौजदारी कायद्यावरील भाष्यकार हरिसिंग गौर यांच्यासारख्या कायदेपंडितांनी येथील वकिलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. गौर यांनी तर १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात भारतासाठी सर्वोच्च न्यायालय असावे असा ठराव मांडला होता. प्रांताला स्वतःचे उच्च न्यायालय हवे ही मागणी अशा वातावरणात बळावली.

नागपूर उच्च न्यायालय : सनद आणि संरक्षण

२ जानेवारी १९३६ च्या राजसनदेने नागपूर उच्च न्यायालयाची स्थापना झाली व ९ जानेवारी १९३६ रोजी त्याचे कामकाज सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते. बिपिन कृष्ण बोस यांचे नातू विव्हियन बोस हे प्रारंभीच्या न्यायमूर्तींपैकी एक होत. पुढे ते याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. उच्च न्यायालयाच्या इमारतीची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बसवली. नव्या दिल्लीच्या उभारणीत सहभागी असलेले हेन्री मेड हे तिचे वास्तुशिल्पकार. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

इमारतीपेक्षा महत्त्वाचा बदल न्यायमूर्तीच्या पदाच्या स्वरूपात झाला. १९१५ च्या भारत सरकार अधिनियमानुसार उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सम्राटाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहत. नागपूर उच्च न्यायालयाचे पहिले सुमारे पंधरा महिने याच तरतुदीखाली गेले. १ एप्रिल १९३७ पासून १९३५ च्या अधिनियमातील कलम २२० लागू झाले आणि ‘मर्जी’ संपुष्टात आली. न्यायमूर्तीला साठ वर्षे वयापर्यंत पदाची शाश्वती मिळाली. गैरवर्तन किंवा शारीरिक वा मानसिक अक्षमता याच कारणांवरून, आणि तेही प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने तसा अहवाल दिला तरच, त्याला दूर करता येणार होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, हे संरक्षण म्हणजे उत्तरदायित्वापासून सुटका नव्हती. न्यायमूर्तीचा जाब घेण्याचे काम शासनाकडून काढून एका न्यायिक मंडळाकडे देण्यात आले होते. आरोप, त्यांवर सुनावणी, कारणांसह अहवाल आणि मग निर्णय असा हा क्रम होता. स्वातंत्र्यानंतर प्रिव्ही कौन्सिलची जागा फेडरल कोर्टाने घेतली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवप्रसाद सिन्हा यांना फेडरल कोर्टाच्या अहवालावरून १९४९ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. या तरतुदीचा प्रत्यक्ष वापर होऊ शकतो हे त्यावरून सिद्ध झाले.

दुसरी गोष्ट खालच्या न्यायालयांविषयीची आहे. १९३५ च्या अधिनियमातील कलम २२४ ने उच्च न्यायालयाला दुय्यम न्यायालयांवर प्रशासकीय अधीक्षणाचा अधिकार दिला. परंतु ज्या निर्णयांवर अपील वा पुनरीक्षण नाही, अशा निर्णयांत त्या अधिकाराच्या आधारे हस्तक्षेप करण्यास मनाई केली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ ने ही मनाई काढून टाकली आणि उच्च न्यायालयाचे अधीक्षण प्रशासकीय व न्यायिक अशा दोन्ही अर्थांनी परिपूर्ण केले.

खालच्या पायरीवरील नियंत्रण : हिदायतुल्ला यांचे योगदान

नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी मोहम्मद हिदायतुल्ला यांनी १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली. १९४३ मध्ये ते प्रांताचे महाधिवक्ता, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले. पुढे १९६८ ते १९७० या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. मुख्य न्यायमूर्ती या नात्याने प्रांतातील सर्व जिल्हा न्यायालयांचा प्रशासकीय भार त्यांनी प्रत्यक्ष वाहिला होता. सर्वोच्च न्यायालयात असताना त्यांनी लिहिलेल्या एका महत्त्वाच्या निर्णयाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध नृपेंद्रनाथ बागची या प्रकरणात अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाविरुद्ध राज्य शासनाने स्वतः चौकशी करून त्याला बडतर्फ केले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. या ‘नियंत्रण’ शब्दात केवळ कामाची वाटणी येते की शिस्तभंगाची कारवाईही येते, हा वादाचा मुद्दा होता. १९६५ मध्ये दिलेल्या निर्णयात हिदायतुल्ला यांनी शिस्तभंगाचा अधिकार त्यात अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. न्यायाधीशाची चौकशी उच्च न्यायालयानेच करावयाची. राज्यपालाचा बडतर्फीचा औपचारिक अधिकार त्या चौकशीच्या आधारेच वापरला जावयाचा, असा या निर्णयाचा आशय आहे.

१८६१ मध्ये सुरू झालेला प्रवास या निर्णयाने पूर्ण झाला असे म्हणता येते. कारभाऱ्याने न्यायाधीशाला जाब विचारण्याची पद्धत संपली. आज महाराष्ट्रातील दिवाणी न्यायाधीशाच्या वा जिल्हा न्यायाधीशाच्या वार्षिक गोपनीय अहवालापासून चौकशी व सक्तीच्या सेवानिवृत्तीपर्यंतचा निर्णय उच्च न्यायालयाच्या शिफारशीवर अवलंबून असतो. त्याला आरोपपत्र मिळते, बाजू मांडण्याची संधी मिळते व प्रतिकूल निर्णयाविरुद्ध न्यायालयीन दादही मागता येते.

तथापि व्यक्तीवरील नियंत्रण आणि संस्थेचे व्यवस्थापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकेका न्यायाधीशावर नियंत्रण असूनही संस्था लोकांच्या दृष्टीने अपयशी ठरू शकते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील सात क्रमांकाच्या कक्षात कस्तुरबानगर वस्तीला अनेक वर्षे छळणाऱ्या अक्कू यादव या आरोपीला जमावाने ठार मारले. वस्तीतील अनेक स्त्रियांनी या कृत्याची जबाबदारी उघडपणे स्वीकारली. पोलीस तक्रारी घेत नाहीत आणि आरोपी पुन्हा पुन्हा जामिनावर सुटून वस्तीत परततो, ही त्यांची वेदना होती. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. या घटनेचे समर्थन करता येणार नाही; पण तिचे स्थान दुर्लक्षिण्याजोगे नाही. ज्या कक्षात न्याय मिळावयाचा त्याच कक्षात लोकांनी कायदा हातात घेतला. अमुक एका न्यायाधीशाची चूक दाखवून या अविश्वासाचे स्पष्टीकरण होत नाही. पोलीस, अभियोग, जामीन व सुनावणीचा विलंब या सर्वांच्या एकत्रित अपयशाला कोणीही एक अधिकारी उत्तरदायी नसतो आणि नेमकी हीच व्यवस्थापनातील उणीव आहे.

उच्च न्यायालयाकडून खंडपीठाकडे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर उच्च न्यायालय संपुष्टात आले. हिदायतुल्ला जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या आश्वासनांत नागपूर येथील खंडपीठाचा समावेश होता. १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमातील कलम ४१ ने या खंडपीठाला वैधानिक स्थैर्य दिले. मुख्य न्यायमूर्तींनी नामनिर्देशित केलेले किमान तीन न्यायमूर्ती नागपूर येथे बसतील आणि बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा या जिल्ह्यांतील व राजुरा भागातील प्रकरणे तेथे चालतील, अशी ती तरतूद आहे.

या बदलाचा व्यवस्थापनावर झालेला परिणाम मूलगामी होता. १९५६ पूर्वी कोणते प्रकरण कोणत्या न्यायमूर्तीपुढे जावे हे नागपूरचेच मुख्य न्यायमूर्ती ठरवत. त्यानंतर हा अधिकार मुंबईतील मुख्य न्यायमूर्तींकडे गेला. विशेष कारणासाठी विदर्भातील प्रकरण मुंबईत ऐकले जावे असा आदेश देण्याची मुभाही कलम ४१ त्यांना देते. काम वाटून देण्याच्या अधिकाराचे महत्त्व पुढे देशभर चर्चेत आले. १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन प्रकरणांच्या वाटपाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शांतिभूषण यांच्या याचिकेवर निर्णय देताना वाटपाचा अधिकार सरन्यायाधीशांचाच असल्याचे पुन्हा सांगितले. हा अधिकार कोणाकडे असावा हे त्यामुळे स्पष्ट झाले. तो वापरताना कारणे द्यावीत की नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

वरच्या पायरीचा प्रश्न

राज्यघटनेने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला दूर करण्याचा अधिकार संसदेकडे सोपवला. सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता हे कारण, १९६८ च्या न्यायाधीश चौकशी अधिनियमानुसार चौकशी, आणि दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत अशी ही प्रक्रिया आहे. २०२५ अखेरपर्यंत या मार्गाने एकाही न्यायमूर्तीला पदावरून दूर करण्यात आले नव्हते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना केलेल्या खर्चावरून न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावर आरोप झाले. न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांतील अनेक आरोप सिद्ध मानले. या समितीत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई हेही सदस्य होते. तरीही मे १९९३ मध्ये लोकसभेत सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी मतदानापासून अलिप्त राहणे पसंत केल्याने प्रस्ताव बारगळला. न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव २०११ मध्ये राज्यसभेत संमत झाला. लोकसभेत तो येण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला.

याचा अर्थ असा की न्यायमूर्तीविरुद्ध एकतर अखेरचे शस्त्र होते किंवा काहीच नव्हते. मधली पोकळी कशी भरावयाची, या प्रश्नाला मुंबईनेच वाचा फोडली. १८ मार्च १९८१ रोजी केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी परिपत्रक काढून अतिरिक्त न्यायाधीशांची इतर राज्यांत जाण्यास संमती मागवली. मुंबईतील वकिलांनी त्यास आव्हान दिले आणि ते प्रकरण एस. पी. गुप्ता खटल्याचा भाग बनले. दोन वर्षांच्या मुदतीवर नेमलेला अतिरिक्त न्यायाधीश किती असुरक्षित असतो हे त्यावेळी प्रथमच ठळकपणे पुढे आले.

१९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्याविरुद्ध एका परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनाच्या संदर्भात आक्षेप घेतले गेले. वकील संघटनांनी राजीनाम्याची मागणी केली व त्यांनी पद सोडले. या प्रकरणात सी. रविचंद्रन अय्यर यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वकील संघटनेने दबाव आणून न्यायमूर्तीला पायउतार करणे योग्य नाही. पण महाभियोगाइतके गंभीर नसलेल्या गैरवर्तनासाठी न्यायसंस्थेअंतर्गत यंत्रणा असली पाहिजे. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनमूल्यांचा मसुदा स्वीकारला आणि १५ डिसेंबर १९९९ रोजी अंतर्गत चौकशीची कार्यपद्धती मंजूर केली. ही कार्यपद्धती सर्वसामान्य नागरिकाला पाहावयास मिळण्यासाठी मात्र डिसेंबर २०१४ मधील एका निर्णयाची वाट पाहावी लागली. मध्य प्रदेशातील एका महिला न्यायाधीशाच्या तक्रारीवरील त्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ती संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. ७ ऑगस्ट २०२५ रोजी न्या. यशवंत वर्मा यांची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या कार्यपद्धतीची वैधता मान्य केली.

नागपूर खंडपीठातील २०२१ चे प्रकरण

या साऱ्या चर्चेची कसोटी नागपुरातच लागली. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठातील अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी बारा वर्षांच्या एका मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात निर्णय दिला. सत्र न्यायालयाने आरोपीला पोक्सो अधिनियमानुसार तीन वर्षांची शिक्षा दिली होती. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा त्वचेचा त्वचेशी झालेला संपर्क नसल्याने त्या अधिनियमातील लैंगिक हल्ला ठरत नाही, असे मानून उच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली व भारतीय दंडसंहितेखालील एक वर्षाची शिक्षा कायम ठेवली. २७ जानेवारीला महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणला व त्याला स्थगिती मिळाली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट व न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने निर्णय रद्द केला. लैंगिक हेतू हा गुन्ह्याचा गाभा आहे, त्वचेचा स्पर्श नव्हे, असे या पीठाने स्पष्ट केले आणि पोक्सोखालील शिक्षा पुन्हा लागू केली.

येथपर्यंतचा क्रम न्यायव्यवस्थेच्या बळाचा पुरावा आहे. चूक झाली, तिच्यावर उघड न्यायालयात युक्तिवाद झाला, कारणे लिहिली गेली आणि पीडित मुलीला दाद मिळाली. ज्या सत्र न्यायाधीशाचा निर्णय फिरवला गेला होता तोच कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता, हेही सिद्ध झाले.

न्यायमूर्तींबाबतचा क्रम मात्र वेगळा होता. जानेवारी २०२१ मध्येच न्यायवृंदाने त्यांना कायम करण्याची शिफारस केली होती. ती मागे घेण्यात आली. फेब्रुवारीत त्यांना अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. त्यानंतर ना कायम नियुक्ती झाली, ना पुढील मुदतवाढ. मुदत संपताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला व २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचे निवृत्तिवेतन देय असल्याचा निर्णय दिला.

त्यांना कायम न करण्याचा निर्णय योग्य असू शकेल. बालकांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याचा इतका संकुचित अर्थ लावणाऱ्या न्यायमूर्तीच्या योग्यतेबद्दल प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. परंतु निर्णयातील कायदेशीर चूक आणि गैरवर्तन यांत मूलभूत भेद आहे. चुकीला अपील हा उपाय आहे. चुकीसाठी पद जात असेल तर कोणत्या प्रकारच्या चुकीसाठी, किती चुकांसाठी, आणि ते कोणी ठरवले, हे लिहून ठेवले पाहिजे. न्यायवृंदाने ऑक्टोबर २०१७ पासून आपले ठराव प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली असली तरी या प्रकरणातील कारणमीमांसा जनतेसमोर आली नाही. अतिरिक्त न्यायाधीशाला कायम न करण्यापूर्वी सुनावणी देण्याची वैधानिक तरतूदही नाही. राजीनाम्यालाही कारणे लागत नाहीत. ४ ऑगस्ट २०२३ रोजी याच खंडपीठातील न्या. रोहित देव यांनी भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला, तेव्हाही संस्थेच्या दप्तरी लोकांना वाचता येईल असे काही उरले नाही. अवघ्या दीड वर्षात एकाच इमारतीतून दोन न्यायमूर्ती मुदतीपूर्वी वा मुदतीच्या अखेरीस बाहेर पडले आणि दोन्ही वेळा जनतेच्या वाट्याला केवळ तर्क आले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

सीताबर्डीच्या परिसरातील न्यायसंस्थेचा इतिहास हा देखरेखीचे हात बदलण्याचा इतिहास आहे. रेसिडेंट व न्याय आयुक्त यांच्या काळात देखरेख होती, स्वातंत्र्य नव्हते. १९३७ नंतर उच्च न्यायालयाला स्वातंत्र्य मिळाले व त्याबरोबर न्यायिक स्वरूपाची, सकारण अहवालावर आधारलेली जबाबदेहीही मिळाली. १९५० नंतर खालच्या न्यायालयांवरील नियंत्रण पूर्णतः न्यायसंस्थेकडे आले आणि हिदायतुल्ला यांच्या निर्णयाने ते पक्के झाले.

मात्र यातून एक विसंगती निर्माण झाली. जिल्हा न्यायाधीशाला आरोपपत्र, सुनावणी व सकारण आदेश यांचे संरक्षण आहे. उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायमूर्तीचे भवितव्य मात्र कारणे प्रसिद्ध न करता ठरू शकते, आणि कायम न्यायमूर्तीबाबत महाभियोग हा प्रत्यक्षात न वापरला गेलेला उपाय राहिला आहे. १९४९ मध्ये फेडरल कोर्टाने अवलंबलेली पद्धत आजच्या पद्धतीपेक्षा अधिक न्यायिक होती, हे मान्य करावे लागते.

कारणे जाहीर केल्यास न्यायमूर्तीची प्रतिष्ठा डागाळेल व खोट्या तक्रारींना बळ मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्राथमिक तक्रार गोपनीय राहणे इष्टच आहे. परंतु अंतिम निर्णयाची कारणे लपवल्याने प्रतिष्ठा वाचत नाही. तिची जागा अफवा घेते आणि निर्दोष न्यायमूर्तीला आपली बाजू मांडण्याची सोयही उरत नाही. कस्तुरबानगरच्या स्त्रियांचा अविश्वास आणि २०२१ मधील पीडित मुलीच्या कुटुंबाची चिंता यांचे मूळ एकच आहे : आपल्या बाबतीत काय घडले आणि का घडले, हे सांगण्यास कोणीतरी बांधील असावे, ही अपेक्षा. प्रत्येक न्यायाधीश आपल्या निर्णयाची कारणे लिहितो, कारण हरलेल्या पक्षकाराला ती समजण्याचा अधिकार आहे. न्यायाधीशाविषयी निर्णय घेणाऱ्या यंत्रणेनेही तोच नियम स्वतःला लावून घेतला, तर स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्व यांतील विरोध पुष्कळ अंशी मावळेल.